वापराचे ठिकाण

टेम्पोवाला दारातून डोकावला. "ताई, प्लॉट एकशे चौदा म्हणजे पाळणाघराच्या खालचंच ना? मागच्या खेपेला वर पोरं इतकी रडत होती, माझं डोकं उठलं."

माझ्या हातातलं पेन तिथंच थांबलं. त्या पाळणाघरात माझी दोन वर्षांची चिमणी असते, मी दुकानातून सुटेपर्यंत.

आमचं दुकान रसायनांचं. ॲसिटोनने नखांचा रंग निघतो, तसं ते अमली पदार्थ बनवायलाही लागतं, आणि ठिणगी पडली तर पेट्रोलसारखं भडकतं. अमली पदार्थांमुळेच विकताना घेणाऱ्याचं हमीपत्र रजिस्टरात भरून घ्यायचं आणि रसायनशास्त्राच्या पदवीधराने तपासून सही करायची, असा कायदा. ती पदवीधर मी. एकशे चौदाच्या दोन हमीपत्रांवर माझी सही आधीच होती. त्या आकड्यामागे इमारत कुठली, हे मी विचारलंही नव्हतं.

आज तिसरी खेप, दहा पिंपं. वापर: नखांचा रंग काढायचे द्रावण बनवणे. कसलं द्रावण! चिमणीला कडेवर घेऊन मी रोज त्याच शटरसमोरून जिना चढते. शटर कायम खाली, खिडक्यांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली. एक बाटली, एक कामगार कधी दिसला नाही. दहा पिंपांत अख्ख्या शहराची नखं धुऊन निघतील.

"मी सही करणार नाही," मी म्हणाले.

दुकानाचे शेठ हसले. "मूल झाल्यापासून तुम्हाला जिथे तिथे आगच दिसते. साहेब, सांगा जरा यांना."

साहेब म्हणजे सरकारी तपासनीस. महिन्याच्या तपासणीला आले होते आणि चहा पीत बसले होते. त्यांनी पानावरून बोट फिरवलं. "नाव आहे, ओळखपत्र आहे, पत्ता आहे. अडचण काय?"

"जागा कोणी पाहिली?"

"त्याचा रकाना नाही, बाई."

माझं डोकंच फिरलं. मागच्याच महिन्यात शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बाईंना अर्ध्या लिटरच्या बाटलीसाठी याच साहेबांनी तीन पत्रं आणायला लावली होती, शिक्क्यांसकट!

"त्या बाईंच्या पत्रांना बरा रकाना सापडला? वर बावीस मुलं झोपतात दुपारची. खाली एक ठिणगी पडली तर?"

"मग पाळणाघर बदला ना," शेठ अगदी कळवळून म्हणाले. "माझ्या ओळखीचं आहे एक."

उरलेल्या एकवीस मुलांचं काय, हे त्या माणसाच्या मनातही आलं नाही.

मी रजिस्टर पुढे ओढलं. त्याच्या पानांना छापील क्रमांक असतात. एक पान फाटलं तरी परवाना जातो. सहीच्या जागी लिहिलं: 'या पत्त्यावर वर पाळणाघर आहे. खाली कारखाना चालू असलेला मी कधी पाहिला नाही. आधीच्या दोन सह्या जागा न पाहता केल्या, ती चूक माझी. आज तपासनीसांना समक्ष सांगितलं.' तारीख, वेळ, पूर्ण नाव.

"हे काय करून ठेवलंत!" शेठचा चेहरा पडला.

साहेबांनी वाचलं. तपासणीची सही त्यांना त्याच पानावर करायची होती. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. मग ताडकन उठले. "शेठ, माल उतरवून घ्या. टेम्पो कुठे जाणार नाही. मी जागा बघून येतो."

"मीही येते," मी पर्स उचलली. "आणि साहेब, आधी मुलं खाली आणायची. शटरला हात नंतर."