कोइंबतूरच्या गाडीवर तीन बोल्या

बोनकोड्यातल्या हरेशला बत्तिसाव्या वर्षी एकाएकी स्वतःच्या कमाईची हौस सुटली. गरज होती अशातला भाग नाही. वडिलांनी, म्हणजे देवजीशेठनी, जुन्या घराच्या जागी चार मजले चढवले होते आणि भाड्यावर अख्खं घर सुखानं जेवत होतं. हरेशला नेमकं तेच सलत होतं. बायको भाविकासुद्धा भांडणात म्हणायची, "तुमी तुमच्या पैशानं साधी चटई तरी आनली का घरान?"

जवळच विमानतळ सुरू झाला तसं त्यानं ठरवलं, सात माणसांची गाडी घ्यायची आणि प्रवाशांची ने-आण करायची. वडिलांचा एक पैसा लावायचा नाही. लोकांना खोल्या लावून देण्याच्या दलालीतून त्यानं थोडं साठवलं होतं. तेवढ्या पैशात इथली गाडी बसेना, म्हणून तो मोबाइलवरच्या लिलावात शिरला आणि थेट कोइंबतूरच्या एका पांढऱ्या गाडीच्या प्रेमात पडला.

लिलावाच्या दुपारी तो ओटीवर मांडी ठोकून बसला. समोर कोण बोलतंय ते दिसत नव्हतं, नुसते आकडे चढत होते. होता होता बाकीचे गळाले. सगळ्यात मोठी बोली हरेशची, आणि ती अगदी त्याच्या ऐपतीच्या टोकावर. पाच मिनिटं उरली होती. इतक्यात कोइंबतूरचा गाडी विकणारा माणूस इंजिन दाखवायला भाविकाच्या फोनवर व्हिडिओ कॉलनं आला, आणि त्या फोनला रेंज फक्त गच्चीवर.

"बाबा, माझा फोन धरा. कोनी माझ्या बोलीच्या वर गेला तं हाक मारा. बाकी हात लावू नका," असं बजावून तो पळाला.

आता देवजीशेठनी आयुष्यात एकच लिलाव पाहिलेला, गावच्या पूजेच्या नारळाचा. तिथं कुणी समोर नसलं तर माणूस स्वतःच्याच बोलीवर चढतो, नाहीतर देवाचा नारळ फुकटात लाटला म्हणून गाव तोंडात शेण घालतं. त्यांनी एक बोली बायकोच्या नावानं दाबली, एक सुनेच्या नावानं, आणि वेळ उरला म्हणून एक मारुतीच्या. ॲपला काय, कुणीही कुणावर चढलं तरी त्याला आनंदच.

हरेश खाली आला तेव्हा स्क्रीनवर लिलाव जिंकल्याचे फुगे उडत होते. आकडा त्यानं दोनदा वाचला.

"बाबा, समोर कोन होता?"

"कोनी नाय. म्हनून तं मीच चढलो. लोकं काय म्हनली असती?"

"कोनती लोकं? कोइंबतूरची?"

देवजीशेठनी क्षणभर विचार केला. "ती पन लोकंच ना."

माघार घ्यावी तर भरलेली अनामत बुडणार. देवजीशेठ खजील होऊन म्हणाले, "वरचा पैसा मी टाकतो."

"तुमी टाकला तं गाडी तुमची झाली," हरेश म्हणाला आणि त्याला रडूच फुटायचं बाकी राहिलं.

भाविका सगळं ऐकत होती. "तुमची लग्नातली सोन्याची चेन मोडा," ती म्हणाली. "माज्या बापानं घातलेली हाय, त्याला मी सांगते." नवऱ्याच्या बाजूनं ती बोलली हे ऐकून हरेशला गाडीचाही क्षणभर विसर पडला.

गाडी ट्रकवर चढून आली, कागदपत्रांनी जीव खाल्ला, पण धंदा लागला. पुढं चुलत्याकडे हळद होती. पंगतीत एकेका पुरुषाच्या गळ्यात सोनं लखलखत होतं आणि हरेशचा गळा ओसाड. शेजारचा हौसेराव अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाला, "काय रं, चेन कुठं गेली?"

हरेश काही बोलायच्या आत पलीकडून देवजीशेठ कडाडले, "भायेर उभी हाय, बघून ये. सात मानसा बसतान तिच्यान."

"शेठ, तुमीच घेऊन दिली असंल," हौसेराव हसला.

"मी?" देवजीशेठ म्हणाले. "मना तिच्यान बसायचा तं पोराला इचारावा लागतं."