पित्याचे मुख

चेहरा कोरताना डावा तळवा स्वतःच्या मुखावर ठेवायचा, हवा तो भाव तेथे आणायचा आणि बोटांना जे कळेल ते उजव्या हातातील पटाशीने लाकडात उतरवायचे, ही त्या मूर्तिकाराची रीत होती. आरशावर त्याचा विश्वास नव्हता. चर्चसाठी तो मृत पुत्राला मांडीवर घेतलेला स्वर्गीय पिता घडवीत होता. पुत्र पूर्ण झाला होता. पित्याचे मुख मात्र कोरले गेले ते त्याच्या लेकीला, चिमणीला, हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी आत नेले त्या सकाळी. इस्पितळात त्याला बसवेना, म्हणून तिच्या आईला तेथे ठेवून तो कामावर आला होता.

दुपारी फादर आले. "जेवलास का रे?" असे विचारीत मूर्तीपुढे उभे राहिले आणि त्यांचा स्वरच बदलला.

"अरे, हा तर घाबरलाय!"

भुवया ताणलेल्या, ओठ घट्ट मिटलेले; बंद दारापलीकडची चाहूल घेणाऱ्या माणसासारखे ते मुख होते. 

"माझाच चेहरा उतरला, फादर. चुकून."

"मग तासून काढ. पुत्राने मानवी देहात वेदना सोसली. पिता अविकारी आहे. त्याला ना भय, ना शोक."

"शोकसुद्धा नाही? आत्ता माझ्या चिमणीची छाती उघडलीय, त्याचं त्याला काहीच नाही?"

"तसं नव्हे, बाबा. त्याचं प्रेम कमीजास्त होत नाही, म्हणून तो डगमगत नाही. डॉक्टरचे हात थरथरलेले तुला चालतील?"

"नाही चालणार. पण डॉक्टरची ती लेक नाही ना!"

 देव भयाने कापत असेल, तर जगाला सावरणार कोण? आणि कापत नसेल, तर चिमणी त्याची कोण? मूर्तिकाराला दोन्ही विचार सोसवेनात; त्याने पटाशी खाली ठेवली.

"तुम्ही रोज त्याच्यापुढे उभे राहता," तो काकुळतीने म्हणाला, "ती शांती तुमच्या मुखावर असेल. मला हात लावून पाहू द्या."

"माझ्या थोबाडावरून देव घडवणार? लोक चर्चला यायचे बंद होतील!" असे म्हणत फादर स्टुलावर बसले आणि त्यांनी डोळे मिटले. मूर्तिकाराने तळवा ठेवला. कपाळ स्वस्थ होते. हनुवटी मात्र आवरूनही थरथरत होती.

"फादर!"

"मीच बाप्तिस्मा दिला रे तिला. डोक्यावर पाणी पडताच केवढी खेकसली होती माझ्यावर."

तोच फोन वाजला. चिमणीची आई होती. "रक्त थांबत नाहीये म्हणतात. लवकर या हो. मला एकटीला नाही धीर धरवत."

दोघे इस्पितळात पोहोचले तेव्हा ती शस्त्रक्रियागृहाच्या बंद दाराशेजारी भिंतीला टेकून उभी होती. "घाबरू नका असं सांगू नका, फादर. नुसते जवळ बसा."

फादर बसले. "हे अविकारी प्रभो," इतके उच्चारून त्यांची वाणी अडखळली. पुढची प्रार्थना त्यांनी ओठांतच केली. मूर्तिकाराने ती ऐकण्याचा प्रयत्न केला नाही. त्याची दृष्टी दारावर खिळली होती.

बऱ्याच वेळाने नर्स बाहेर आली. "रक्त थांबलंय. पण शुद्धीवर कधी येईल, ते आत्ताच सांगता यायचं नाही."

आई फादरांशेजारी येऊन बसली. मूर्तिकाराने फादरांकडे पाहिले. "ते मुख उद्या तासून टाकू का?"

फादरांनी बंद दाराकडे पाहिले.

"नको," ते हलकेच म्हणाले. "ती डोळे उघडेपर्यंत त्याला तसाच राहू दे."