सिरोंच्यासाठी रेडिएटर

आईनं गाडी घेतली तेव्हा ऊर्जानगरच्या, म्हणजे पॉवर हाऊसच्या कॉलनीतल्या, आमच्या लाईनीत बरेच दिवस दुसरा विषयच नव्हता. साठी उलटलेली रिटायर्ड नर्स, गुडघ्याला पट्टा, आणि गाडी कोणती, तर दोन दारांची, टर्बोवाली, जमिनीला पोट टेकवून चालणारी लाल गाडी. नागपूरच्या कोण्या हौशी माणसानं शर्यतीसाठी बांधून घेतलेली. शेजारची उर्वशी मला म्हणाली, "सिस्टरबाईले भाजी आणाले लागते का येवढी फास्ट गाडी?" हौसेला मोल नसतं, असं म्हणून मी तिला वाटेला लावलं.

हौस नव्हती ती. मला कारण माहीत होतं.

मी लहान असताना आई आलापल्लीच्या पुढे, जंगलातल्या एका आरोग्य केंद्रात होती. एका उन्हाळ्यात भर दुपारी मैनी नावाची माडिया आदिवासी बाई बाळंतपणात अडली. दसरू ड्रायव्हरच्या जीपमध्ये तिला घालून आई सिरोंच्याच्या दवाखान्याकडे निघाली. जीप तापली, थांबली, थंड झाली, निघाली, पुन्हा तापली. दुसऱ्यांदा थांबली तेव्हा झाडाच्या सावलीत मैनी गेली, पोटातल्या बाळासकट. आईनं हे आमच्यापासून कधी लपवलं नाही, आणि सांगताना कधी रडलीही नाही. एवढंच म्हणायची, "त्या रस्त्यानं दुपारच्या उन्हात न थांबता जाता येते का नाई, येवढं एकदा पाहाचं हाय मले." बाकीच्या बाया रिटायर झाल्या की बुद्धगयेला जातात. माझ्या आईला हे पाहायचं होतं.

गाडी नागपूरहून येताना वरोऱ्याजवळच उकळली. रेडिएटर फुटला होता. माझ्या नवऱ्यानं, पवननं, तो काढून अंगणात टेकवला आणि गाडीच्या तोंडात एक मोठं भोक राहिलं. त्यात चिमण्या जाऊन बसायच्या. नवा रेडिएटर कोणता घ्यायचा याचा निकाल लागेपर्यंत गाडी तशीच निंबाखाली उभी होती.

पण खरं सांगू, ते दिवस मला आवडले. संध्याकाळी ऊन उतरलं की आई गाडीत जाऊन बसायची आणि मला हाक मारायची. मी शेजारी बसायची. गाडी बंद, पाणी नाही, रेडिएटर नाही, आणि आई दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून समोर पाहत राहायची. समोर आमचीच भिंत आणि त्यावर वाळत घातलेल्या चादरी. थोड्या वेळानं ती हळूच म्हणायची, "गोंडपिपरी गेली." मग बराच वेळ काही नाही. मग, "आष्टीचा पूल. वैनगंगेत पाणी नाई यंदा." कंपनीची बस लोकांना सोडून निघून जायची, कूलिंग टॉवरांच्या तोंडून पांढरी वाफ वर चढत राहायची, आणि आम्ही दोघी आलापल्लीच्या सागांत शिरलेल्या असायचो. मी चेष्टा करायला म्हणून बसले होते, पण एकदा तर मला खरंच मोहाचा वास आला. सिरोंचा मात्र कधी यायचा नाही. त्याच्या आधीच आई दार उघडून उतरायची आणि भात लावायला जायची.

बल्लारपूर रोडवरच्या रोशनच्या गॅरेजात आम्ही तिघं गेलो. त्यानं टेबलावर दोन रेडिएटर ठेवले. एक पातळ, कंपनीचा असतो तसा, मागे दोन चांगले मोठे पंखे. दुसरा सगळा अॅल्युमिनियमचा, तिप्पट जाड, चांदीच्या ताटासारखा चकचकीत.

"बाई, गाडी चालवणार कशी तुमी?" रोशननं विचारलं. "पळवणार का हळूहळू?"

आई जाडावरून बोट फिरवत म्हणाली, "जाईन तशी जाईन. थांबली नाई पायजे."

"मंग हा जाडाच घ्या. रेसवाले हेच लावतात. फक्त हा बसला का मांगं मोठ्या पंख्याले जागा राह्यत नाई, लहान लावून देतो."

मला पातळ बरा वाटत होता. का, ते सांगता आलं नसतं. पंखे पाहून बरं वाटलं, एवढंच. पण पवन कूलिंग टॉवरला नोकरीला, म्हणजे थंडाव्याचा विषय निघाला की घरात दुसऱ्या कोणी तोंड उघडायचं नसतं. त्यानं जाडाच्या नळ्या मोजल्या, पाणी किती मावतं ते विचारलं आणि मान डोलावली. तरी खात्री म्हणून संध्याकाळी लाईनीतल्या चौघांना बोलावलं. बॉयलरवाला आला, टर्बाईनवाला आला. चहा झाला. सगळ्यांचं एकच मत पडलं, जास्त पाणी, जास्त नळ्या, जास्त थंडावा. वाऱ्याचं नाव एकानंही काढलं नाही. त्यांचा दोष तरी काय म्हणा. आयुष्यभर अशा टॉवरांखाली काम केलं, जे एका जागी उभे असतात आणि हवा आपल्या पायांनी आत येऊन वर चढते. वाऱ्याला बोलवावं लागतं हे पॉवर हाऊसच्या माणसाला कोण सांगणार. मीही गप्प बसले. जाडा रेडिएटर आला, बसला, आणि आईनं त्याच्यावरून ओलं फडकं असं फिरवलं, जसं तापाच्या पेशंटचं कपाळ पुसावं.

मे महिन्यात आम्ही निघालो, आई आणि मी. उजाडताना ऊर्जानगर सोडलं. पहाटेच्या गार हवेत गाडी अशी पळाली की मला पोटात गुदगुल्या झाल्या. इंजिनच्या तापमानाचा काटा मधोमध, हलायचं नाव नाही. "पवनचा रेडिएटर चांगला हाय," आई म्हणाली, आणि तिच्या तोंडून जावयाचं कौतुक ऐकून मी खिडकीबाहेर पाहून हसले.

आलापल्लीच्या पुढे तिच्या जुन्या आरोग्य केंद्रापाशी तिनं गाडी उभी केली. इमारत आता नवी आहे. आम्ही आवारातल्या झाडाखाली डबा खाल्ला आणि ऊन डोक्यावर यायची वाट पाहिली. मैनीला घेऊन ती निघाली होती ती वेळ झाली तशी आई उठली. "आता थांबाचं नाई," ती म्हणाली.

रस्त्याचं काम चालू होतं. पुढे ट्रकांची रांग, बाजूला खडी, मधे मधे नुसता मुरूम. गाडीचं पोट घासत होतं. बैलाच्या चालीनं चाललो होतो आम्ही, आणि तेही जगातली सगळ्यात उतावळी गाडी घेऊन. साग पानांशिवाय उभे होते. रस्ता पुढे पाण्यासारखा हलत होता आणि त्या पाण्यावरून ट्रक तरंगत गेल्यासारखे वाटत होते. कुणी बोललं तर आवाज लांबून येईल असं ते ऊन होतं.

काटा चढायला लागला.

आधी आम्ही दोघींनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. मग तो लाल रेघेच्या जवळ गेला. जाड्या रेडिएटरमधून वारा जायला गाडी पळावी लागते, आणि इथं पळायला जागा नव्हती. आईनं एसी बंद केला. तरी काटा चढतच राहिला. तेव्हा तिनं पाय सैल सोडला आणि गाडी कडेला घ्यायला लागली.

"थांबा लागते," ती म्हणाली. तिचा चेहरा शांत होता. मला वाटलं, हरली बिचारी, म्हणून गप्प झाली.

माझ्यानं ते पाहवेना. आणि तेव्हाच मला पवनचं आठवलं. हिवाळ्यात कुठे निघालो की तो हमखास सांगतो, गाडीचा हीटर म्हणजे दुसरं काही नाही, इंजिनचंच गरम पाणी आत फिरवलेलं असतं. दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी मी जांभई देते. मी म्हटलं, "थांबू नको आई. हीटर लाव."

"काय?"

"हीटर. पूर्ण. तिथली गरमी आपण इथं घेऊ."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग काचा खाली केल्या आणि बटन शेवटपर्यंत फिरवलं.

भट्टीचं दार उघडल्यासारखी हवा अंगावर आली. बाहेर आगीसारखं ऊन, आत त्याहून गरम. घाम फुटायचा आणि लगेच वाळायचा. पायांना चटके बसत होते. आणि काटा, आमच्या डोळ्यांदेखत, थोडा खाली आला. आम्हीच आता त्या गाडीचा रेडिएटर झालो होतो. मला हसू आलं, मग डोकं हलकं झालं, मग मला वाटायला लागलं की आम्ही अंगणातच निंबाखाली बसलो आहोत आणि हे जंगल भिंतीवरच्या चादरींवर हलतं आहे.

त्या झळांमधून आईचा आवाज आला. ती रस्त्याकडे पाहूनच बोलत होती.

"मैनीची सासू होती सोबत. जीप थांबली त लोक शिव्या देतात. तिनं नाई दिल्या. पळसाची डांगी तोडली अन् जीपच्या तोंडापुढं उभी राहून वारा घालून राह्यली होती. बाईले घालावा तसा. मले वाटलं, हिचं डोकं फिरलं. मी ओरडली तिच्यावर, का इकडं ये, सुनेले धर."

मी ओठांवरून जीभ फिरवली. बोलायला तोंडात ओल नव्हती.

"धरलं तिनं मंग," आई म्हणाली.

कितीतरी वेळ तसेच गेलो. ट्रक संपले, डांबर लागलं, गाडीला वाट मिळाली, वारा मिळाला. आईनं हीटर बंद केला आणि पाय दाबला. साग मागे पडले, भाताची मोकळी शेतं आली, दुकानांवर तेलुगू अक्षरं दिसायला लागली. आणि मग गोदावरी दिसली, रुंद, अर्धी वाळू अर्धी चकाकी. आईनं काठाजवळ गाडी उभी केली.

कुठेही न थांबता आलो होतो. मी उतरून टाळ्या वाजवणार होते, खरंच. लहान मुलीसारखी खूश होते मी. बाटलीतलं गरम पाणी डोक्यावर ओतलं आणि आईकडे वळले तर ती स्टेअरिंग धरून बसलेली.

"आई, जमलं. पाहिलं ना? न थांबता."

"येता येते म्हणजे," ती म्हणाली.

"मग काय तर."

"म्हणजे येता आलं असतं."

मी समजावायला लागले. तेव्हाचा रस्ता वेगळा, जीप खटारा, तिला हीटर तरी होता का, दसरू काय करणार, तू काय करणार. भराभर बोलत होते. सगळं खरं होतं आणि पालथ्या घड्यावर पाणी होतं. तिनं ऐकून घेतलं, पेशंटचं ऐकतात तसं.

"जीपचा दोष होता असं कोलूले नोतं सांगतलं मी," ती म्हणाली. कोलू मैनीचा नवरा. "त्यानं मले इचारलं, बाई, दुसरी गाडी असती त वाचली असती का? मी म्हटलं, नाई. या रस्त्यानं दुपारी कोणतीच गाडी पोचत नाई. तो म्हणे, बरं. अन् गेला."

नदीवरून वारा आला, तोही गरमच. गाडीचं इंजिन टकटक आवाज करत निवत होतं.

तेव्हा मला कडेला गाडी घेतानाचा तिचा चेहरा कळला. हरलेला नव्हता तो. सुटलेला होता. इतकी वर्षं आईला ज्या वाक्याचा आधार होता, ते खरं ठरायला काट्याएवढं अंतर उरलं होतं. पवननं, रोशननं, सगळ्या लाईनीनं मिळून तिच्यासाठी चुकीचा रेडिएटर निवडला होता आणि तोच बरोबर होता. हीटर मी लावायला सांगितला.

मी तिच्या बाजूला जाऊन दार उघडलं आणि तिचा हात धरला. हात तापलेला होता. रडू मलाच आलं, तिला नाही.

"कोलू हाय अजून," ती म्हणाली. "रस्त्यापासून आतमंदी गाव हाय त्याचं. वापस जाताना तिथी थांबू."

"काय सांगशील त्याला?"

आईनं आरशात पाहून पदरानं तोंड पुसलं आणि चावी फिरवली. काटा खालीच होता.

"पोचता येते म्हणून सांगीन," ती म्हणाली.