काट्यावरचे साठ

नीळकंठ पांढरीपांडे यांना राग यायला फारसं काही लागत नसे. शेजाऱ्याने फाटकासमोर स्कूटर लावली, तरी पुरे. पण आजवरचे सगळे राग एका पारड्यात टाकले, तरी त्या दिवशी भोपाळमधल्या बाग सेवनियाच्या रस्त्यावर जो राग आला त्याची सर त्यांना येणार नाही. कारण तो अर्धा स्वतःवरच होता.

त्याच्या पंधरा दिवस आधी काय घडलं ते सांगायला हवं.

नीळकंठरावांचा मुलगा परीक्षित याचं नेहरू नगरात पाण्याच्या टाक्यांचं आणि पाइपांचं दुकान. माल पोचवायला एक पिकअप, आणि ती चालवायला शंकर. मुलताईकडचा माणूस, घरात मराठी बोलणारा, अकरा वर्षं त्याच गाडीवर. एकदा कुणाच्या कुंपणाला खरचटलं नाही की कुणाशी हुज्जत नाही. दिवाळीनंतर मात्र तीन महिन्यांत त्याच्या नावावर वेगमर्यादा मोडल्याची तीन चलानं आली. रस्त्यावरच्या कॅमेऱ्याने फोटो काढलेला, खाली आकडा छापलेला, अडुसष्ट. मर्यादा साठ.

तिसरं चलान आलं तेव्हा परीक्षितने शंकरला गिऱ्हाइकांसमोर, हमालांसमोर उभं केलं.

"बाबूजी, देवाची कसम," शंकर परीक्षितकडे न बघता कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या नीळकंठरावांकडे बघून म्हणाला, "साठच्या वर काटा गेलाच नाही. मी बघत असतो ना. पहिलं चलान आल्यापासून तर रस्त्यापेक्षा काट्याकडेच जास्त बघतो."

बिचाऱ्याने माणूस बरोबर निवडला होता. नीळकंठरावांनी चौतीस वर्षं भोपाळच्या मोठ्या कारखान्यात गिअर तपासण्यात घालवलेली. एका दाताला केसाएवढा फरक असला तरी माल परत पाठवणारा माणूस. ते म्हणाले असते, थांब रे परीक्षित, आधी बघू, तर प्रकरण तिथेच थांबलं असतं.

पण ते काय म्हणाले? म्हणाले, "शंकर, मशीनला खोटं बोलायचं काही कारण नसतं. माणसाला असतं."

झालं! हमालांनी माना खाली घातल्या, एक गिऱ्हाईक हसलं, आणि अकरा वर्षांचा माणूस पाच मिनिटांत दुकानाबाहेर. गेल्याच महिन्यात क्लचची प्लेट जळली होती, तेही त्याच्याच पायाच्या नावावर मांडलं. क्लचवर पाय ठेवून चालवतो म्हणे! अकरा वर्षं नव्हता ठेवत, आताच बरा ठेवायला लागला.

पुढे दुसऱ्या ड्रायव्हरचा पत्ता नव्हता, म्हणून परीक्षित स्वतःच गाडी चालवू लागला. त्या दिवशी मागे दोन मोठ्या टाक्या आणि पाइपांचा गठ्ठा, शेजारी नीळकंठराव. पुलाच्या चढावर गाडी अडकली. परीक्षितने पहिला गिअर टाकला, गाडी कण्हली, थरथरली, आणि क्लच जळाल्याचा तो ओळखीचा कडवट वास थेट नाकात आला.

"आता कुणाचा पाय आहे रे क्लचवर?" नीळकंठरावांनी विचारलं.

"बाबा, लोड आहे."

"शंकरच्या वेळी लोड नसायचा?"

परीक्षितने गिअर बदलला. पूल उतरून गाडी सरळ रस्त्याला लागली. काचेला चिकटवलेल्या फोनवर रस्त्याचा नकाशा चालू होता, आणि त्याच्या कोपऱ्यात गाडीचा वेग दिसत होता. नीळकंठरावांनी आधी काट्याकडे पाहिलं. साठ. मग फोनकडे. अडुसष्ट. पुन्हा काटा, पुन्हा फोन. परीक्षितला म्हणाले, चाळीसवर आण. काटा चाळीसवर, फोन पंचेचाळीसवर.

"फोनचं काही खरं नसतं बाबा."

"गाडी बाजूला घे."

"अहो, माल द्यायचाय..."

"बाजूला घे म्हणतो ना!"

खाली उतरून ते चाकासमोर उभे राहिले. उंच, रुंद, काळीभोर, दिवाळीत बसवलेली चाकं. परीक्षितने किती कौतुकाने बसवली होती! गाडी कशी दांडगी दिसली पाहिजे, सगळ्या लाइनीत उठून दिसली पाहिजे. लक्ष्मीपूजनाला झेंडूची माळ घातलेल्या त्या गाडीसमोर खुद्द नीळकंठरावांनी नारळ फोडला होता, फोटोही काढून घेतला होता. चाक वाढलं हे डोळ्यांनी दिसत होतं. आणि चौतीस वर्षं गिअर तपासलेल्या माणसाला ते दिसूनही दिसलं नाही. स्वतःच्या कानशिलात भडकावून द्यावी असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी घरासमोरच्या गल्लीत खडू आणि टेप घेऊन दुकान मांडलं. गाडीखाली लटकवलेली स्टेपनी अजून जुन्याच मापाची होती. परीक्षितला तेवढा खर्च जिवावर आला असणार. ती त्यांनी सोडवून घेतली. जुन्या टायरवर खडूने रेघ मारली, जमिनीवर रेघ मारली, आणि टायर बरोबर एक फेरा घरंगळत नेला. टेपचं दुसरं टोक विजयाबाईंच्या हातात.

"शेजारचे बघताहेत," त्या म्हणाल्या.

"बघू देत. वाच किती."

"सव्वासात फूट."

मग मोठं चाक. परीक्षितला गाडी हळूहळू पुढे घ्यायला लावली, खडूची रेघ वर गेली, फिरून खाली आली.

"आठ फूट अडीच इंच," विजयाबाई म्हणाल्या. आणि मग नवऱ्याचा चेहरा बघून, "अहो, काय झालं?"

काय व्हायचं! गाडीच्या आतले गिअरचे दात तेच, एका फेऱ्याचा हिशेब तोच. काटा बिचारा चाकाचे फेरे मोजतो, त्याला रस्ता दिसत नाही. चाक दर फेऱ्याला जवळजवळ फूटभर जास्त पळतंय, आणि काट्याला कुणी कळवलंच नाही. शंकर साठवर चालवत होता तेव्हा गाडी अडुसष्टने धावत होती. आणि मोठं चाक जुन्याच दातांवर ओढायचं म्हणजे इंजिनाला दम लागणार, चढावर क्लच घासणार, प्लेट जळणार. शंकरने फक्त नेमून दिलेली गाडी चालवली होती.

"म्हणजे तो खरं बोलत होता," परीक्षित म्हणाला. वर आणि हसून म्हणाला, "चला, कळलं तरी! बोलावून घेऊ त्याला. आता लक्षात ठेवायचं, काटा त्रेपन्नच्या वर न्यायचा नाही."

नीळकंठरावांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "आणि टायर?"

"टायर राहू द्या ना बाबा. नवे आहेत. एवढी छान दिसते गाडी."

"छान दिसते? अरे, एका माणसाची भाकरी काढून घेतलीस तू त्या छान दिसण्यापायी! तो गेल्यावर त्याला कामावर ठेवू बघणाऱ्या दोन जणांनी तुला फोन करून विचारलं ना, माणूस कसा आहे म्हणून? काय सांगितलंस त्यांना?"

परीक्षितने मान फिरवली. "जे तेव्हा वाटलं ते सांगितलं. जोरात हाकतो म्हणालो."

"मग लाव फोन. आत्ता. सांग की चूक गाडीची होती, आणि गाडी तू बिघडवली होतीस."

"बाबा, काहीतरीच काय! माझंच हसं होईल मार्केटमध्ये."

"त्याचं झालं तेव्हा तुला चाललं!" हा आवाज गल्लीच्या पार टोकाला गेला. समोरच्या गॅलरीत दोन माणसं बाहेर आली. नीळकंठरावांनी मुलाच्या हातातून फोन घेतला, दोन्ही नंबर शोधायला लावले, आणि तिथेच उभं राहून आपल्या कारखानी हिंदीत दोघांनाही सगळं सांगितलं, टायरच्या मापासकट. दुसरा माणूस टेंटवाला होता, लग्नाकार्याचे मांडव घालणारा. त्याला सव्वासात फुटांत काडीचा रस नव्हता, पण तो म्हणाला, आदमी अच्छा है तो भेज दो.

त्याच दुपारी मोठी चाकं उतरली. परीक्षितने तोंड वाकडं केलं, ते नीळकंठरावांनी बघितलंच नाही. संध्याकाळी ते एकटे शंकरच्या घरी गेले.

शंकरने खुर्ची पुढे केली. त्याची बायको मीना आत गॅसपाशी होती, ती दाराशी येऊन उभी राहिली. नीळकंठरावांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. काटा खोटा होता, तू खरा होतास, मी तुला चारचौघांत खोटारडा म्हणालो, ती माझी चूक. उद्यापासून ये, जुन्या मापाचे टायर बसवलेत.

शंकरने सगळं ऐकून घेतलं.

"टेंटवाल्याचा फोन आला होता दुपारी," तो म्हणाला. "सोमवारपासून बोलावलंय. तुम्ही सांगितलंत म्हणाला. त्याबद्दल मेहेरबानी. पण दुकानात नाही येणार मी."

"अरे, पण चूक कबूल केली ना मी!"

"केलीत. खडूने मोजलंत, तेव्हा केलीत." शंकरचा आवाज जरा चढला. "आणि टायर बरोबर निघाले असते, तर? काटाच दुसऱ्या कशाने बिघडलेला असता, जे तुम्हाला सापडलंच नसतं, तर? मग मी जन्मभर खोटाच ना?"

नीळकंठराव काही बोलणार तोच दारातून मीना म्हणाली, "बाबूजींना एकट्यांना काय बोलायचं? मीही रोज विचारतच होते. खरं सांगा, किती जोरात चालवत होता? मुलीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं यांनी, तरी विचारत होते." आणि तिने पदराने डोळे पुसले.

"तिचं सोडा," शंकर म्हणाला. "तिला भीती होती, मी कुठे जाऊन आपटीन म्हणून. बाबूजी, तुम्हाला कसली भीती होती?"

नीळकंठरावांनी सवयीने आवाज चढवायला श्वास घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे ओरडून सांगण्यासारखं काही नव्हतं.

"कसलीच नाही रे," ते शेवटी म्हणाले. "मी नुसता बोललो."