माझ्या अंगरख्याची खिडकी

मी संगणक बोलतोय. शिलाई मशीनच्या शेजारी फुलाफुलांचा अंगरखा घालून ऐटीत बसलोय, तोच मी! हसू नका. या अंगरख्यापायी माझं घर सुटता सुटता राहिलं.

माझी उमेदीची वर्षं एका कचेरीत गेली. नवे संगणक आले, तशी माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथून मला प्रौढांच्या संगणक वर्गाने आणलं. सरांनी मला उघडून पुसलं, खराब भाग बदलले. तुटपुंज्या कमाईच्या माणसांना घरी सराव करता यावा, म्हणून ते आमच्यासारखे संगणक स्वस्तात, हप्त्यांवर देत.

मला नेलं कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करणाऱ्या एका बाईने. तिथे नमुने आता संगणकावर काढायचे होते. "वर्गाची परीक्षा पास झालीस, तर नमुने काढायची जागा तुझी," असं सुपरवायझरने तिला सांगितलं होतं. वर्गात यंत्रं थोडी, हात फार. तेव्हा तिची सगळी भिस्त माझ्यावर.

सर म्हणाले होते, "ताई, याला धुळीपासून जपा." बाईने ते इतकं मनावर घेतलं, की मापं घेऊन माझ्या डब्याला चक्क अस्तराचा अंगरखा शिवला. मला चालू करायचं पुढचं बटण तेवढं उघडं ठेवलं.

"माझ्या सदऱ्याचं बटण कधीचं तुटलंय," नवरा कुरकुरला, "आणि याला अस्तर!"

"तो मला पास करणार आहे. तुम्ही करणार का?"

पण जरा काम झालं, की मी तापायचो, घुसमटायचो आणि बंद पडायचो. रोज तेच. परीक्षा तोंडावर आली. "माझ्याच हाताला यश नाही," ती रडवेली होऊन म्हणाली. "देते परत. दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येईल."

'अगं, आधी हा अंगरखा काढ!' असं मला ओरडावंसं वाटलं. पण माझा आवाज म्हणजे नुसतं टूंऽऽ!

तिने मला अंगरख्यासकट वर्गात नेलं. सरांनी मला चालू करून थोडा वेळ ठेवलं. "ताई, याच्या पाठीला हात लावा."

"अगंबाई! ही तर इस्त्रीच झालीय!"

"मागच्या जाळीतून त्याला वारा लागतो. तो अंगरखा टाका काढून."

"टाकू कशाला? एवढं शिवलंय!" तिने पिशवीतून कात्री काढली, माझ्या पाठीवर चांगली मोठी खिडकी कापली आणि कडेने काजाचा टाका घातला. मी मोकळा श्वास घेतला. त्यानंतर बंद पडलो नाही, की तिला थांबू दिलं नाही.

ती पास झाली! आता कारखान्यात ती पडद्यावर बाह्या आणि कॉलर काढते. वर्गातल्या बाकीच्यांनीही तिच्याकडून खिडकीवाले अंगरखे शिवून घेतलेत. नवऱ्याच्या सदऱ्यालाही बटण लागलं. त्याने स्वतःच लावलं म्हणा!

तुमच्या माळ्यावर माझा एखादा भाऊबंद पडला असेल, तर त्याला अशा वर्गात धाडा. कुणीतरी त्याची वाट बघत असेल. आणि अंगरखा शिवलात, तर पाठीला खिडकी ठेवा हं!