बाकाबाकावरची माणसं

राग माझ्या नाकावर असतो हे चर्चमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. मी शिलाई मशीनवर बसलेली असले की गिऱ्हाइकंसुद्धा जपून बोलतात. पण त्या रविवारी मी हेडमास्तरांपुढे अगदी गरीब गाय होऊन बसले होते, कारण परीक्षा माझ्या धाकट्या बहिणीची होती.

धाकटी एक्केचाळीस वर्षांची आहे. जन्मापासून तिची समज सावकाश चालते, बोलणं तुटक. आमच्या चर्चचा नियम असा की दृढीकरण, म्हणजे मंडळीत पक्कं सामील होण्याचा विधी, झाल्याशिवाय प्रभुभोजनाची भाकरी नाही, आणि प्रश्नोत्तरं पाठ असल्याशिवाय दृढीकरण नाही. दर महिन्याला भाकरीचं ताट बाकावरून हातोहात यायचं, ती हात पुढे करायची आणि तो हात मीच खाली दाबायची. वीस वर्षं मी हे पाप केलं.

चर्चचे नवे धर्मगुरू, आमचे पाळक, म्हणाले, "होऊ दे की तिची परीक्षा." मग सहा महिने काजं करता करता मी तिच्याकडून उत्तरं घोकून घेतली. पालथ्या घड्यावर पाणी म्हणून लोक हसले. घरी मात्र ती तुटक तुटक का होईना, सगळी म्हणायची.

उपासना संपली, चर्च रिकामं झालं. पाळक आणि हेडमास्तर टेबलामागे बसले. हेडमास्तर आमच्या मंडळीचे ज्येष्ठ वडील, चर्चचा कारभार बघणारे. शाळेतून निवृत्त झाले, पण हातातली छडी काही सुटली नव्हती.

"मंडळी म्हणजे काय?" त्यांनी पुस्तकातून विचारलं.

धाकटीच्या तोंडाला कुलूप. मी पुटपुटले, "ख्रिस्ताचं शरी..."

"पढवायचं नाही!" हेडमास्तर कडाडले. "हे आलं नाही तर विषय संपला. पुन्हा परीक्षा होणार नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात धाकटी उठली आणि पहिल्या बाकापाशी जाऊन उभी राहिली.

"इथं सुतारकाका. गुडघा दुखतो. कडेला बसतात." मग दुसरा बाक. "नर्सबाई. रात्रपाळी करून येते. झोपते. मी उठवते."

तिसऱ्या बाकावर तिनं थाप मारली. "घड्याळवाला. येत नाही. सरांशी भांडला. सर बोलवत नाहीत."

धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. पाळक गालातल्या गालात हसत होते.

"इथं सरांच्या बाई," धाकटी चौथ्या बाकापाशी हळूच म्हणाली. "देवाघरी गेल्या. सर तिथं हात ठेवतात."

हेडमास्तरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

एकही बाक न सोडता ती शेवटच्या बाकापर्यंत गेली. "इथं ताई. इथं मी. ताट येतं. पुढं जातं."



"पुढचा प्रश्न?" पाळकांनी विचारलं.

"कोणत्या तोंडानं विचारू, पाळकसाहेब?" हेडमास्तरांनी पुस्तक मिटलं. "पहिल्याच प्रश्नात मी नापास झालो."

"आणि मी?" धाकटीनं तिथूनच ओरडून विचारलं.

"तू पास, बाळा."

तिनं इतक्या टाळ्या पिटल्या की बाहेरची माणसं धावत आत आली.

घड्याळवाला अजून आलेला नाही, पण हेडमास्तर दोनदा त्याच्या दुकानाची पायरी चढून आलेत. तो ताठ आणि हे त्याहून ताठ, वेळ लागेल.

धाकटीचं दृढीकरण झालं, आणि त्याच उपासनेत ताट आमच्या बाकावर आलं. तिनं तुकडा उचलला आणि कसलीही घाई न करता चावून चावून खाल्ला. पुढचे सगळे माना वळवून बघत होते. ताट थांबलं म्हणून कुणी कुरकुरलं नाही.

मग दोन्ही हातांनी ताट धरून ती माझ्याकडे वळली.

"ताई, घे. तुझं पण आहे."

मी सगळ्यांसमोर ढसाढसा रडले, आणि तिच्या हातून घेतलं.