चकलीच्या डब्यातला दगड

मी कॉलेजात भूविज्ञान शिकवलं, पण माझ्या मतावर माझाच फारसा भरवसा नसतो. म्हणून करी रोडच्या आमच्या घरात चकलीच्या डब्याचं झाकण दुसऱ्यांदा वर आलेलं दिसलं, तरी मी ते मुकाट्याने दाबून बसवलं.

डब्यात माझ्या सुनेने, श्रेयाने आणलेला काळा, पापुद्र्यांचा शेल दगड होता. तिच्या कंपनीने दूरच्या एका प्राचीन खोऱ्यात बोअर खणून या दगडात जळाऊ वायू किती आहे ते तपासलं होतं. वायू नाही असं ठरवून, बोअरवर नुसती फळी टाकून सगळे परतले होते.

संध्याकाळी माझी बायको रमाबाई बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावणार, तोच शेजारी ठेवलेल्या त्याच डब्याचं झाकण टक्कन उडालं.

"काडी ओढू नकोस!" मी ओरडलो.

श्रेया हसली. "काय बाबा, मेलेला दगड आहे तो. चकलीच्या डब्याला घाबरलात?"

"माझं चुकतही असेल," मी म्हणालो. "पण शेल दगड वायू फार सावकाश सोडतो. घाईत मोजला तर कळत नाही. बोअरजवळ कोण राहतं?"

तिचं हसू मावळलं. चौकीदार बायकामुलांसह तिथेच राहत होता. तिने स्पीकरवर फोन लावला.

"सब ठीक है, मॅडम," तो खुशीत म्हणाला. "बोअर के पास ही चूल्हा रखा है. लकडी बहुत कम लगती है. आज तो ऊपर का तख्ता भी हटा दिया."

श्रेयाने तोंड उघडलं, पण त्याआधी पलीकडून काडी ओढल्याचा आवाज आला.